मालकिणीचं बीळ

दि. ६ नोव्हेंबर

प्रिय धाकटोबास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र एक तारखेला पोचलं. तू खुशाल आहेस, नव्या कप्तानाला तुझ्या हातचं जेवण आवडतं, बोटीवरच्या स्वयंपाकघरात एकदाचा धूर ओढणारा पंखा बसवला, सगळं वाचलं. इकडेही ठीक आहे. माझी पाठ होती तशीच आहे आणि लाँड्रीतलं मोठं मशीन माझ्यापेक्षा जास्त कण्हतंय. झालं क्षेमकुशल.

आता तू जे चार पानांच्या शेवटी, कोपऱ्यात, लाजत लाजत लिहिलंस त्याबद्दल. गोटीला माझ्याकडे ठेवायचं म्हणतोस. तिच्या आजीच्याने आता होत नाही, डोळ्यांना दिसत नाही, तुझा बोटीचा करार अजून दोन वर्षं आहे, आणि पोरीला आई नाही. 'फार तर वर्षभर, ताई' असंही लिहिलंयस. वर्षभर! कासवं माझ्या अंगणात सोडलीस तेव्हा 'फार तर सहा महिने' म्हणाला होतास. या पावसाळ्यात त्याला नऊ वर्षं झाली. तुझं कॅलेंडर कुठल्या छापखान्यात छापतात तेवढं एकदा कळव.

पण उत्तर हो आहे. आण तिला. वरची खोली मी कालच रिकामी केली. खिडकीला नवा पडदा शिवायला घेतलाय. सात वर्षांच्या मुलीला कुठला रंग आवडतो ते मला ठाऊक नाही, म्हणून पांढराच घेतला. पांढऱ्यातलं मला कळतं.

आता तुझ्या त्या दोन जनावरांबद्दल सांगते, नाही सांगितलं तर माझं पोट फुटेल.

तू ती बुटांच्या खोक्यातून आणलीस तेव्हा तळहातावर मावत होती, हे मला आता खोटं वाटतं. जमादार आता कपडे भिजवायच्या घमेल्याएवढा आहे आणि मालकीण त्याच्याहून मोठी. तिला उचलायला दोन माणसं लागतात. आणि दोघांचा सगळा जन्म खाण्यात, हगण्यात आणि उकरण्यात चाललाय. क्षमा कर, पण दुसरा शब्द नाही. सकाळी मी ओल्या चादरींचा गठ्ठा घेऊन मागचं दार उघडते, तर पायरीवरच यांचा प्रसाद. तो तुडवत नाही असा दिवस गेला तर मी स्वतःचं अभिनंदन करते. शी! तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घाणीवर पोट भरलंय, हॉस्पिटलच्या चादरींवर काय काय असतं ते मी तुला जेवणाऱ्या माणसाला लिहीत नाही, पण ती घाण मशीनमध्ये जाते आणि संपते. ही संपत नाही.

जमादार उकरतो ते नुसतं नाटक. दोन वेळा पाय मारतो आणि दमून काकडी शोधायला जातो. खरी कामाची बाई मालकीण. पुढचे पाय फावड्यासारखे चालवते, माती मागे उडवते, आणि ती माती बरोबर माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर. उन्हाळ्यात तिने कुंपणाजवळ बीळ धरलं. मी म्हटलं, जाऊ दे, गारव्याला बसेल. बसली कुठली! उकरत उकरत ती वाळवणाच्या दोऱ्यांखाली आली. आपल्या नेहमीच्या गवंड्याने एकदा त्यात नळाचा लांब पाइप घालून पाहिला, बारा फूट गेला आणि तरी टोकाला काही लागलं नाही. वर कुबट वास. झुरळं आत-बाहेर करतात, जशी काही त्यांची धर्मशाळा आहे.

आणि त्यांचे ते चाळे! मागच्या महिन्यात शाळेतल्या बाई कोट घ्यायला आल्या होत्या. मी बिलाची पावती शोधतेय, आणि मागून जमादारने सुरू केलं. तू ऐकलंयस तो आवाज. शाळेतल्या बाईंचे कान लाल झाले. 'आजारी आहे का कोणी?' म्हणाल्या. मी म्हटलं, 'हो, माझा भाऊ.' त्यांनी कोट न तपासता नेला.

चार आठवड्यांपूर्वी मात्र कहर झाला. खालची जमीन पोकळ झाली आणि दोऱ्यांचा लोखंडी खांब कलंडला. बेचाळीस चादरी, धुतलेल्या, खळ दिलेल्या, अर्ध्या वाळलेल्या, सगळ्या त्या घाणीत. मी परत धुतल्या, दोनदा धुतल्या, पण हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंचं नाक माझ्याहून तिखट. चादर नाकाशी नेली आणि म्हणाल्या, 'याला जनावराचा वास येतोय.' तीस वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मला तिथल्या तिथे ओकारी येईल असं वाटलं. चादरींची नाही, माझी स्वतःची शिसारी आली.

म्हणून शेवटी मी हात टेकले. गवंड्याला बोलावलं, विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून बिळाचं तोंड बुजवून टाकलं, खांब सरळ केला. आता अंगण सपाट आहे. तुला वाईट वाटेल, पण इलाज नव्हता.

दोघंही ठीक आहेत. मालकीण हल्ली थंडीमुळे फारशी दिसत नाही.

गोटी काय खाते, काय खात नाही, झोपताना दिवा लागतो का, सगळं सविस्तर लिही. अक्षर हललंय त्याकडे बघू नकोस, मोठं मशीन चालू आहे आणि टेबल त्याला टेकून आहे.

तुझी सदैव वैतागलेली,
ताई

*

दि. २६ नोव्हेंबर

धाकटोबा,

तुझं उत्तर सतरा तारखेला मिळालं. नऊ दिवस झाले, अजून मी लिहिलं नाही म्हणून तू काळजीत असशील. मी बरी आहे. फोन मी मुद्दाम उचलला नाही.

तू लिहिलंस, 'ताई, तू माझ्या मुक्या जनावरांना नऊ वर्षं सांभाळलंस, म्हणून मला गोटीची काळजीच नाही. तुझ्या घरात काही उपाशी राहत नाही.' हे वाक्य मी वाचलं आणि पत्र इस्त्रीच्या टेबलावर उलटं ठेवलं. किती वेळ त्याला हात लावला नाही. त्या वेळी मालकीण सोळा दिवस उपाशी होती.

मागच्या पत्रात मी 'दोघंही ठीक आहेत' लिहिलं. ते खोटं होतं. बिळाचं तोंड बुजवलं तेव्हा ती आत होती.

आता पुढचं वाचायच्या आधी थोडं थांब, कारण तू मनात म्हणत असशील की ताईच्या लक्षात आलं नसेल. मीही आधी तसंच लिहिलं होतं. दोन पानं लिहिली, अगदी पटतील अशी, की मला वाटलं ती झुडपामागे असेल, गवंड्याला घाई होती, ढग आले होते. वाचून पाहिलं आणि माझ्याच अक्षराची मला किळस आली. फाडून टाकलं.

तुला माझं काम माहीत आहे. आलेला गठ्ठा मोजून घ्यायचा, गेलेला मोजून द्यायचा. झोपेत उठवून विचारलं तरी मी सांगेन कुठल्या गठ्ठ्यात किती उशांचे अभ्रे आहेत. अंगणाचं दार लावतानाही मी रोज ती दोन मोजते. नऊ वर्षांत एक दिवस चुकला नाही. एक तारखेला मी मोजलं नाही. विसरले नाही. मोजलं नाही.

गवंडी पाटीत सिमेंट कालवत होता. त्याने वाकून बिळात पाहिलं, अंधारच होता. मला म्हणाला, "बाई, आत कोणी नाही ना?"

"नाही."

"बघितलंत?"

"बघितलं म्हटलं ना! उरका लवकर, माझ्या चादरी खोळंबल्यात."

तो उरकायला लागला. जमादार समोर पडला होता, तो मला दिसत होता. मी फक्त त्याच्याकडेच बघत राहिले, बाकी अंगणात कुठेही नजर टाकली नाही. इतकं सोपं असतं ते.

त्याच दिवशी दुपारी तुझं पत्र आलं होतं, हे तुला सांगायलाच हवं. चादरी परत आल्या त्याला तेव्हा तीन आठवडे होऊन गेले होते, तेव्हापासून मी बीळ बुजवायचं नुसतं म्हणत होते, करत नव्हते. तुझं पत्र वाचलं, 'फार तर वर्षभर' वाचलं, आणि तशीच उठून गवंड्याच्या घरी गेले. मला त्या वेळी काय झालं होतं सांगू? मला तुझा उबग आला होता. तू गोड बोलतोस, हसतोस, आणि तुझ्या आयुष्यातलं जे जे तुला जड होतं ते माझ्या दारात ठेवून जातोस. आधी हे दोन धोंडे, आता पोर. आणि मी प्रत्येक वेळी 'आण' म्हणते, कारण माझ्याकडे दुसरं कोणी काही आणत नाही. गोटी मला हवी आहे रे. ती मला इतकी हवी आहे की मला त्याचीच चीड आली. पण तुझं ओझं म्हणून, कोपऱ्यात लिहून, अशी नको होती. तुझ्यापर्यंत तर माझा हात पोचत नव्हता. मालकिणीपर्यंत पोचत होता.

सिमेंट सुकलं. दोन दिवस मला फार हलकं वाटलं. अंगण झाडलं, धुतलं, फिनेल टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चादरी घालताना पायाखाली आवाज आला. खरवडल्याचा. खर्र, मग थांबायचं, मग खर्र. आधी वाटलं उंदीर. मग मी चपला काढून अनवाणी उभी राहिले आणि तळपायाला ते कळलं. बरोबर दोऱ्यांच्या खाली. ती बिळाच्या तोंडाकडे येत होती.

मी तिथून आत गेले आणि मोठं मशीन चालू केलं. रिकामं. त्यात एक रुमालसुद्धा नव्हता. ते चालू असलं की मागचं काही ऐकू येत नाही. त्या दिवसापासून सकाळी उठल्यापासून दार बंद करेपर्यंत ते मशीन चालू होतं. मागच्या पत्रातलं माझं अक्षर हललं होतं ना, ते त्यामुळे. एका हाताने मी 'गोटीला दिवा लागतो का' लिहीत होते आणि दुसरा हात मशीनवर होता, बंद पडू नये म्हणून.

तू विचारशील, लगेच गवंड्याला का नाही बोलावलं. मी रोज बोलावणार होते. पण त्याला काय सांगू? 'बघितलं' म्हणाले होते ना मी. आणि जितके दिवस जायचे तितकं ते आणखी घाण व्हायचं. डाग ताजा असताना काढला तर निघतो, हे मी गिऱ्हाइकांना तीस वर्षं ऐकवत आले.

पंधरा तारखेला चादरी घालताना कळलं, पायाखालचा आवाज थांबला होता.

मला बरं वाटलं. हे वाक्य मी खोडलं होतं, परत लिहिते. मला बरं वाटलं. मी मशीन बंद केलं, चहा केला, चवीने प्यायले. वर जाऊन गोटीच्या पडद्याची कडा शिवून संपवली. मनात म्हटलं, आता धाकटोबाला लिहायचं की थंडीने गेली, म्हातारी झाली होती. अक्षर कसं असेल तेसुद्धा माझ्या डोळ्यांपुढे आलं.

मग दोन दिवसांनी तुझं पत्र. ते वाक्य. आणि त्याच्याखाली, बोट बंदराला लागली तेव्हा तू आजीकडे जाऊन लिहून घेतलेलं, पेन्सिलीने, मोठ्या मोठ्या अक्षरांत गोटीचं: 'आत्या, बाबा म्हणतो तुझ्या घरी कासवाचं बीळ आहे. मी आले की मला आत जाऊन बघायचं आहे. किती खोल आहे? मी मावेन का?'

मी मावेन का! मी पाण्याच्या नळाला धरून खाली बसले.

अठराला सकाळी सात वाजता गवंड्याच्या दारात उभी होते. त्याला सगळं सांगितलं, अगदी 'बघितलं' पर्यंत. त्याने माझ्याकडे पाहिलं. आतून पहार आणि फावडं घेऊन आला. सिमेंट फोडायला तास लागला. फोडल्यावर जो वास आला तो मी तुला सांगू शकत नाही. माझ्या नाकाला सगळे वास ठाऊक आहेत, आजाऱ्याचे, तान्ह्या बाळाचे, मेलेल्या माणसाचेसुद्धा. हा वास मला नवा होता. गवंडी दोन पावलं मागे सरकला आणि त्याने तोंडाला फडकं बांधलं.

पुढे बीळ उतरतं, पाइपाइतकं सरळ नाही, वळतं. वरून खणलं तर ते तिच्यावर ढासळेल, असं तो म्हणाला. कोणीतरी आत जायला हवं. त्याचं पोट तू पाहिलंयस. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमच्याने होणार नाही. राहू द्या. ती आता..."

"गप्प बसा आणि माझे पाय धरा," मी म्हटलं.

गेले. पोटावर सरपटत. डोक्यावर उशीचा अभ्रा, हातात विजेरी, आणि कमरेला हॉस्पिटलची जुनी चादर बांधलेली. माझी कोपरं कशात रुतत होती ते मला कळत होतं. भिंती ओल्या, बुळबुळीत. झुरळं मानेवरून गेली. मी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं आणि नाकाने श्वास घ्यावा लागत होता. एकदा उलटी आली, ती तिथेच झाली, आणि मी तिच्यावरून पुढे सरकले. आयुष्यभर ज्याला लांबून नाक मुरडलं त्याच्यात मी कोपरापर्यंत होते. आणि खरं सांगते, तरीसुद्धा त्या वेळी मला जी किळस वाटत होती ती बिळाची नव्हती. बिळाची किळस आली असती तर बरं झालं असतं.

ती वळणाच्या अलीकडेच होती. तोंड बाहेरच्या बाजूला. पुढच्या पायांच्या नख्या निम्म्या झिजलेल्या, नाकाचा शेंडा सोललेला, रक्त काळं पडून सुकलेलं. मी विजेरी डोळ्यांवर धरली. काही नाही. नाकावर बोट ठेवलं. थंड. मी तिला, काय म्हणाले ते आठवत नाही, बहुतेक शिवीच दिली. तिने एक डोळा उघडला. पूर्ण नाही, अर्धा.

गाठोडं बांधायचं मला जमतं, तेवढंच जमतं. पडल्या पडल्या चादर तिच्या पोटाखालून सरकवली, दोन्ही बाजूंनी वर घेऊन गाठ मारली, उरलेलं टोक मुठीत धरलं आणि गवंड्याला ओरडले. त्याने आधी मला ओढून काढलं, मग गाठोडं. चादर दोनदा फाटता फाटता राहिली. अर्ध्या तासाने ती उजेडात आली. जमादार तिथेच उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही, काकडी खात होता. नवरा!

मी तिला कपडे भिजवायच्या टाकीत कोमट पाण्यात ठेवलं. पाणी तीन वेळा बदललं, तिन्ही वेळा काळं. तिने नाक बुडवून पाणी प्यायला सुरुवात केली ती थांबेचना. जनावरांचा डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, वाचेल, ही जात चिवट असते, नख्या वाढतील. चौथ्या दिवशी तिने पालेभाजीचं एक पान खाल्लं, काल अख्खी जुडी.

गवंडी जाताना म्हणाला, "जिवंत आहे ना बाई, मग झालं. मी कुणाला सांगणार नाही." भला माणूस आहे. त्याने सांगितलं नसतं, मीही सांगितलं नसतं, तर तू कळवल्याप्रमाणे वीस डिसेंबरला आला असतास, दोन कासवं पाहिली असतीस, मला मिठी मारली असतीस. गोटीची पेटी वर नेली असतीस. मी नवा पांढरा पडदा दाखवला असता. सगळं छान झालं असतं. गेले आठ दिवस मी ते छान मनात घोळवतेय, आणि दर वेळी शेवटी मला ओकारी येते.

कारण पोर मोठी आहे, पण सात वर्षांचीच आहे. ती हट्ट करेल, आजारी पडेल, अंथरूण ओलं करेल, माझ्या पांढऱ्या कपड्यांवर हात पुसेल. आणि तू अशीच कुठूनतरी चार पानं पाठवशील, कोपऱ्यात 'अजून एक वर्ष' लिहून. मला तुझा परत राग येईल. येणारच. तेव्हा घरात माझ्या हाताशी कोण असेल? मी तिला काही करणार नाही, असं मला वाटतं. पण मी कशी आहे असं मला वाटत होतं, ते एकतीस ऑक्टोबरपर्यंत. नंतरचं मला माहीत नाही.

तू 'जाऊ दे गं ताई' असं लिहू नकोस. तुला ती सवय आहे, आपल्या घरात सगळं तू त्यानेच मिटवलंस. 'एका कासवाचं काय एवढं' म्हणालास तर मला तुझीही किळस येईल, आणि ती मला सहन होणार नाही.

अजून एक. मालकीण अंगणात ऊन खात असते. गवंडी येतो, चौकशी करतो, तिच्यापुढे काकडी धरतो. ती मान लांब करून खाते. जमादार तिच्या अंगावरून जातो, तिला काही वाटत नाही. परवा शाळेतल्या बाई येऊन तिच्या पाठीवर टिचकी मारून गेल्या, तरी ती ढिम्म. मी मागचं दार उघडते, पायरीवर पाऊल टाकते, आणि तिची मान आत जाते. रोज. मी भाजी ठेवून दार लावून घेते, मग फटीतून बघते, तेव्हा ती बाहेर काढते. नऊ वर्षं मी तिला बिनडोक म्हणत आले.

खोली तयार आहे. पण मागच्या पत्रातलं 'आण' मी परत घेते. 'आणू नकोस' असंही लिहीत नाही, तेवढा जीव माझ्यात नाही. हे पत्र दोनदा वाच. बोटीवर कोणी शहाणा माणूस असेल तर त्यालाही वाचून दाखव, मला लाज वाटणार नाही. गोटीच्या आजीलाही खरं ते सांग, तिचा हक्क आहे. मग विचार कर की माझ्यासारखी बाई तुझ्या पोरीजवळ असावी का.

मी विचारते आहे, धाकटोबा. आणशील?

उत्तर पत्रानेच दे. फोन केलास तर तू धड ऐकून न घेताच 'हो' म्हणशील, आणि मी ते धरून ठेवीन.

ताई